निबंधाचा आराखडा : ‘मनाजिर’, ‘दृष्टांतपाठ’ आणि ‘मेराजुल आशिकीन’चा धडा

प्रास्ताविक

बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत उर्दू किंवा मराठी घेऊन पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी एकाच वेळी अनेक भाषांत वावरत असतो. घरात दखनी, शाळेत उर्दू अथवा मराठी, कार्यालयात व बाजारात कन्नड आणि संदर्भग्रंथांत इंग्रजी अशी त्याची नित्याची स्थिती आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन हे जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाले. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी भाषक आणि दोन्ही जिल्ह्यांतील उर्दू भाषक यांना तेव्हापासून आपापल्या भाषेचे शिक्षण राज्याच्या मुख्य प्रवाहाच्या कडेला राहून घ्यावे लागले. त्यामुळे विद्यार्थ्याचा निबंध फसला की आपण अध्यापक मंडळी ‘भाषा कच्ची आहे’ असा शेरा मारून मोकळे होतो.

हा शेरा बहुतांशी चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भाषा बऱ्यापैकी असलेल्या विद्यार्थ्याचाही शोधनिबंध फसतो आणि त्याचे कारण लेखनाला बसण्यापूर्वीच घडलेले असते. आपण काय विचारतो आहोत, कशाच्या आधारे बोलणार आहोत आणि कोणत्या क्रमाने बोलणार आहोत, हे त्याने ठरवलेलेच नसते. त्याच्याकडे आराखडा म्हणून जे असते ती केवळ शीर्षकांची यादी असते. यादी आणि आराखडा यांतील फरक स्पष्ट करणे हा या लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी परदेशी लेखन-मार्गदर्शिका उघडण्यापूर्वी आपल्याच परिसरातील काही ग्रंथ या दृष्टीने तपासून पाहावेत, असे वाटते.

प्रचलित आराखडा आणि त्यातील उणीव

उर्दू शाळेत मजमून लिहिताना तमहीद, नफ्स-ए-मजमून आणि खातिमा असे तीन भाग शिकवले जातात. मराठी शाळेत हेच प्रस्तावना, मध्य व समारोप या नावांनी येते. शालेय वयात ही विभागणी उपयोगी आहे, यात वाद नाही. अडचण अशी की पदव्युत्तर वर्गातही विद्यार्थी तेथेच थांबलेला असतो. त्याला ‘ख्वाजा बंदानवाज यांचे वाङ्मयीन कार्य’ हा विषय द्यावा, तर तो पुढील मुद्दे काढतो : जन्म व घराणे, दिल्लीतील शिक्षण, गुलबर्ग्यात आगमन, शिकवण, ग्रंथरचना, वफात, समारोप. ‘शहा मुंतोजी’ हा विषय दिला तरी मुद्दे तेच राहतात, फक्त गावांची नावे बदलतात.

जे मुद्दे कोणत्याही व्यक्तीला लागू पडतात ते त्या व्यक्तीविषयी काहीच विचारत नाहीत. अशा यादीत प्रश्न नसतो, म्हणून उत्तरही नसते. उत्तर नसल्यामुळे कोणता मजकूर घ्यावा व कोणता सोडावा याची कसोटी उरत नाही आणि हाताशी आलेले सगळे उतरवून घेण्याची प्रवृत्ती वाढते. नकलेचा दोष विद्यार्थ्याच्या नीतिमत्तेवर ढकलला जातो, परंतु तिचे एक मूळ या रिकाम्या यादीत आहे. आज मोबाईलवर तयार निबंध क्षणात मिळतो. त्यातही हीच शीर्षके सुबक रीतीने मांडलेली असतात. आपण यादीलाच आराखडा मानत राहिलो, तर विद्यार्थ्याने तो निबंध का वापरू नये, हे त्याला समजावून सांगणे आपल्याला कठीण जाईल.

‘मनाजिरुल इन्शा’ : कोणासाठी लिहितो आहोत?

बीदरच्या मदरशामुळे ख्वाजा महमूद गावान हे नाव आपल्याकडे सर्वांना परिचित आहे. इराणातील गिलान प्रांतातून आलेला हा विद्वान १४५३ च्या सुमारास बीदरला पोहोचला, पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला आणि १४७२ च्या सुमारास त्याचा मदरसा पूर्ण झाला. त्याने लेखनकलेवर ‘मनाजिरुल इन्शा’ हा फारसी ग्रंथ लिहिला, हे मात्र मदरशाच्या मिनारासमोर उभ्या राहणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असते. त्याच्या पत्रांचा ‘रियाजुल इन्शा’ हा संग्रह १९४८ मध्ये हैदराबाद येथून शेख चाँद यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. म्हणजे शास्त्र आणि त्याचा प्रत्यक्ष प्रयोग अशी दोन्ही साधने एकाच लेखकाची आपल्याला उपलब्ध आहेत.

‘मनाजिर’ची रचना मुकद्दमा, दोन मकाले आणि खातिमा अशी आहे. आज उर्दूत शोधनिबंधाला आपण जो ‘मकाला’ शब्द वापरतो, तो येथे ग्रंथाच्या एका भागासाठी येतो. ही चौकट गावानपुरती मर्यादित नव्हती. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात लिहिणाऱ्या फरिश्ताने आपला इतिहास मुकद्दमा, बारा मकाले व खातिमा असाच रचला. त्यातील तिसरा मकाला दख्खनचा असून तो बहमनी, आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, इमादशाही आणि बरीदशाही अशा सहा घराण्यांत विभागलेला आहे. एवढी प्रचंड सामग्री हाताळताना त्याने आधी विभागणीचे तत्त्व ठरवले. एखादी घटना दोन घराण्यांशी संबंधित असेल तर ती कोठे सांगायची, हा प्रश्न त्याला प्रत्येक पावलावर पडला असणार. आधी ठरवलेले तत्त्व नसेल तर अशा प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

गावानच्या ग्रंथातून विद्यार्थ्याने घेण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे वाचकाचे भान. लेखनाचे प्रकार ठरवताना लिहिणारा कोण, ज्याला लिहायचे तो कोण आणि त्यांचे परस्पर नाते काय, याला तो महत्त्व देतो. सुलतानाला लिहिलेले पत्र, बरोबरीच्या विद्वानाला लिहिलेले पत्र आणि कनिष्ठाला लिहिलेले पत्र यांची घडण वेगवेगळी असते. शोधनिबंधालाही हे लागू आहे. आपला वाचक उर्दू जाणणारा आहे की केवळ मराठी? त्याला ‘मल्फूजात’ म्हणजे सूफी सत्पुरुषांची टिपून ठेवलेली वचने, हे सांगावे लागेल की तो ते जाणतो? सीमाभागातील विद्यार्थ्याला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक जाचतो, कारण त्याचा एक परीक्षक एका परंपरेचा आणि दुसरा दुसऱ्या परंपरेचा असू शकतो.

तथापि ‘मनाजिर’ची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते दरबारी लेखनाचे शास्त्र आहे. नाते आणि दर्जा यांनी त्यातील पत्राचा आकार ठरतो. लिहिलेले विधान खरे कशावरून, हा प्रश्न तेथे केंद्रस्थानी नाही. गावानचा अंतही या दृष्टीने विचार करायला लावणारा आहे. फरिश्ताने दिलेल्या हकिकतीनुसार त्याच्या विरोधकांनी कोऱ्या कागदावर त्याची मोहोर मिळवली, ओडिशाच्या राजाला उद्देशून बनावट पत्र लिहिले आणि ते सुलतानापुढे ठेवले. सुलतानाने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी त्याला ठार करविले. मोहोर खरी होती, मजकूर खोटा होता. पत्राच्या बाह्यरूपावर विश्वास ठेवून मजकूर कोणाचा हे न तपासण्याची ती शिक्षा एका निरपराध लेखकाने भोगली.

‘दृष्टांतपाठ’ : काय सिद्ध करतो आहोत?

मराठी गद्याच्या आरंभकाळातच रचनेचा प्रश्न जाणीवपूर्वक सोडवलेला दिसतो. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्याची एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध ही मांडणी चरित्राच्या क्रमाने जाते. त्याच परंपरेतील केसोबासांनी चक्रधरांची वचने या कथनातून वेगळी काढून ‘सूत्रपाठा’त विषयवार लावली. सामग्री मुख्यतः तीच, परंतु क्रम बदलताच तिचा उपयोग बदलला. चरित्र वाचायचे तर लीळा हव्यात, सिद्धान्त समजून घ्यायचा तर सूत्रे हवीत. ख्वाजा बंदानवाज यांची ‘जवामिउल कलिम’ ही मल्फूजातही मजलिशींच्या दिवसांच्या क्रमाने चालते. तिच्यावर निबंध लिहू पाहणाऱ्याला केसोबासांनी केले तेच करावे लागेल. दिवसांचा क्रम मोडून विषयाचा क्रम लावल्याखेरीज ‘समा’विषयी किंवा ‘मुर्शिद’विषयी त्यात काय आहे हे सांगता येणार नाही.

केसोबासांचा ‘दृष्टांतपाठ’ तर आराखड्याचा वस्तुपाठच आहे. त्यात ११४ दृष्टांत असून प्रत्येकाचे सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक असे तीन भाग आहेत. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. सूत्र म्हणजे सिद्ध करावयाचे विधान, दृष्टांत म्हणजे उदाहरण, आणि या उदाहरणाने ते विधान कसे स्पष्ट झाले हे सांगणारा भाग म्हणजे दार्ष्टांतिक. आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधात पहिले दोन भाग कसेबसे असतात, तिसरा जवळजवळ नसतोच. एखादी ओवी किंवा शेर उद्धृत केला की काम झाले असे त्यांना वाटते. उद्धृत मजकूर आपल्या विधानाला कसा बळकटी देतो, हे सांगण्याची जबाबदारी ते वाचकावर टाकतात.

दार्ष्टांतिकाची गरज किती आहे हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहिल्याचा दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त आहे. हीच कथा फारसीत सनाईने सांगितली आहे आणि १२७३ मध्ये निधन पावलेल्या मौलाना रूमी यांच्या मसनवीतही ती येते. परंतु रूमींच्या कथेत माणसे आंधळी नाहीत, हत्ती अंधाऱ्या घरात आहे. दोष डोळ्यांत नसून उजेडाच्या अभावात आहे, म्हणून तेथे दिव्याला महत्त्व येते. महानुभाव दृष्टांतात चाचपणारे जन्मांध आहेत आणि पूर्ण हत्ती डोळस माणसालाच कळतो. कथा तीच असली तरी तिच्यापासून निघणारा अर्थ सारखा नाही. दोन्ही परंपरा जाणणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने या साम्यावर निबंध लिहिला आणि ‘दोन्हीकडे एकच शिकवण आहे’ असे म्हणून तो थांबला, तर त्याने दृष्टांत दिला, दार्ष्टांतिक दिले नाही. फरक कोठे आहे हे दाखवण्यात त्याच्या निबंधाचे खरे काम होते.

‘मेराजुल आशिकीन’ : कशावरून म्हणतो आहोत?

वाचक आणि विधान निश्चित झाले तरी निबंध उभा राहत नाही, कारण पुराव्याचा प्रश्न शिल्लक असतो. या बाबतीत कलबुर्गीशी संबंधित एक प्रकरण प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे.

मौलवी अब्दुल हक यांनी १९२४ मध्ये ‘मेराजुल आशिकीन’ ही दखनी गद्यातील छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. ती ख्वाजा बंदानवाज यांची मानण्यात आली. ख्वाजासाहेबांचे निधन १४२२ मध्ये झाले असल्याने ही पुस्तिका उर्दू गद्याचा आद्य नमुना ठरली आणि पाठ्यपुस्तकांत तशीच स्थिरावली. पुढे हैदराबादचे अभ्यासक डॉ. हफीज कतील यांनी १९६८ मध्ये ‘मेराजुल आशिकीन का मुसन्निफ’ या ग्रंथात कर्तृत्वाचा प्रश्न मुळापासून तपासला. ग्रंथातील विचारांची मांडणी विजापूरच्या अमीनुद्दीन आला यांच्या परंपरेतील आहे, भाषा पंधराव्या शतकाच्या आरंभीची वाटत नाही आणि हा मजकूर मखदूम शाह हुसैनी यांच्या ‘तिलावतुल वुजूद’ या ग्रंथाशी जुळतो, असे त्यांनी दाखवले. अमीनुद्दीन आला हे सतराव्या शतकातील. त्यामुळे पुस्तिकेचा काळ सुमारे अडीच शतकांनी पुढे आला.

मौलवी अब्दुल हक यांच्या कार्याचे मोल यामुळे कमी होत नाही. त्यांनी ग्रंथ उजेडात आणला नसता तर त्याची तपासणीही झाली नसती. कतील यांच्या लेखनात मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने शिकण्यासारखे बरेच आहे. ‘बंदानवाज यांचे गद्य’ असे शीर्षक घेतले असते तर त्यांना वर्णनापलीकडे जाता आले नसते. त्यांनी ‘लेखक कोण’ हा एकच प्रश्न घेतला. विचारपरंपरा, भाषा आणि हस्तलिखितांतील मजकुराचे साम्य या पुराव्याच्या वेगवेगळ्या दिशा त्यांनी तपासल्या. एका दिशेने निर्णय होत नसेल तेव्हा दुसरी दिशा तो पक्का करते.

येथे एक कबुली देणे उचित होईल. प्रस्तुत लेखकाने पदव्युत्तर वर्गात असताना दखनी गद्यावर निबंध लिहिला होता. त्यात ‘मेराजुल आशिकीन’ ही ख्वाजासाहेबांची कृती असल्याचे ठामपणे नमूद केले होते. तेव्हा कतील यांच्या ग्रंथाला तीस वर्षे होऊन गेली होती. निबंधाला गुण चांगले मिळाले आणि कोणी हरकत घेतली नाही. ती चूक आळसामुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण त्या निबंधासाठी पुष्कळ वाचन केले होते. ते सर्व वाचन ‘ग्रंथरचना’ या शीर्षकाखाली भरण्यासाठी होते, ‘कशावरून’ हा प्रश्न त्या यादीत कोठेच नव्हता. आजही काही विद्यार्थ्यांच्या लेखनात तेच विधान तसेच्या तसे आढळते, तेव्हा त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, असा प्रश्न पडतो. ख्वाजासाहेबांची थोरवी या पुस्तिकेवर अवलंबून नाही. त्यांच्या नावावर न तपासलेले काही चढवणे यात त्यांचा आदरही नाही.

आराखडा प्रत्यक्षात

वरील तीन प्रश्न, म्हणजे कोणासाठी, काय आणि कशावरून, हाच आराखड्याचा पाया होय. तो वर्गात कसा घालावा याचे एक उदाहरण देतो. बीदरशी जोडले जाणारे मराठी संतकवी शहा मुंतोजी ऊर्फ मृत्युंजय हा विषय घेऊ. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या ‘मुसलमान मराठी संतकवी’ या ग्रंथामुळे या परंपरेकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले.

प्रथम ‘जीवन व कार्य’ हे शीर्षक बाजूला ठेवून एका ओळीत प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ, ‘सिद्धसंकेत’ या ग्रंथात वेदान्ताची परिभाषा आणि सूफी परिभाषा शेजारी येतात काय आणि आल्यास कोणत्या प्रसंगी? प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकेल. ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे तो संशोधनाचा प्रश्न नव्हे.

त्यानंतर टिपणे काढावीत. एका कागदावर एकच टिपण आणि त्याखाली ग्रंथ व पृष्ठ असावे. टिपणांचे तीन गठ्ठे करावेत. पहिल्यात ग्रंथाचा स्वतःचा पुरावा, दुसऱ्यात परंपरा सांगते ते, तिसऱ्यात अभ्यासकांची मते. शहा मुंतोजी बहमनी राजघराण्यातील होते, ही गोष्ट दुसऱ्या गठ्ठ्यात जाईल. ती टाकून द्यायची नाही, परंतु पहिल्या गठ्ठ्यात मिसळायचीही नाही. हे गठ्ठे वेगळे राहिले तर ‘असे मानले जाते’ आणि ‘असे आढळते’ या दोन वाक्यांतील अंतर लेखनातही टिकून राहते.

मग क्रम लावावा. यात विरोधी मताची जागा आधी ठरवणे आवश्यक आहे. आपल्या बसवकल्याणातच, म्हणजे चालुक्यांच्या कल्याण राजधानीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. परस्परविरोधी वचने समोर ठेवून, पूर्वपक्ष मांडून मग निर्णयाकडे जाण्याची शास्त्रग्रंथांची पद्धती तीत दिसते. आपले विद्यार्थी विरोधी मत एकतर टाळतात किंवा शेवटच्या परिच्छेदात उरकतात. ते आपल्या विधानाच्या आधी, त्याच्या पूर्ण बळानिशी यावे.

शेवटी आराखड्याची परीक्षा घ्यावी. प्रत्येक भागासाठी एक पूर्ण वाक्य लिहावे, शीर्षक चालणार नाही. ती पाच-सहा वाक्ये सलग मोठ्याने वाचावीत. एका वाक्यातून दुसरे निघत असेल तर आराखडा तयार आहे. दोन वाक्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर ती अजून यादीच आहे असे समजावे.

सीमाभागातील विद्यार्थ्यासाठी आणखी एक सूचना करावीशी वाटते. आराखडा त्याने ज्या भाषेत विचार सुचतो त्या भाषेत करावा, मग ती दखनी का असेना. परंतु पारिभाषिक शब्दांचा निर्णय लेखनापूर्वी घ्यावा. ‘वहदत’ला अद्वैत म्हणायचे की ‘वहदत’च ठेवायचे, हे लिहिता लिहिता ठरवू नये. अशा घाईच्या भाषांतरात जो निष्कर्ष सिद्ध करायचा तोच नकळत गृहीत धरला जातो.

दोन आक्षेप

या पद्धतीवर असा आक्षेप येईल की आराखड्याने विचार बांधला जातो. मौलाना हाली यांचा ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ १८९३ मध्ये त्यांच्या दीवानाची प्रस्तावना म्हणून आला आणि स्वतंत्र ग्रंथ म्हणून मान्यता पावला. प्रस्तावनेची चौकट त्यांनी पाळली नाही, हे खरे. परंतु काव्याच्या सर्वसाधारण चर्चेतून गजल, कसीदा, मसनवी या प्रकारांकडे जाणारा क्रम त्या ग्रंथात स्पष्ट आहे. विषय वाढला तेव्हा आराखडाही वाढला. लिहिताना नवा पुरावा सापडला तर आराखडा बदलावाच, पण बदलण्यासाठी तो आधी असावा लागतो.

दुसरा आक्षेप ललित निबंधाच्या बाजूने येईल. वजहीच्या ‘सबरस’मध्ये (१६३५) कथा सोडून तो मनसोक्त आडवाटांना जातो आणि त्या आडवाटाच वाचकाला आवडतात. हे मान्य आहे. ललित लेखनात वाचक लेखकाच्या सहवासासाठी येतो. शोधनिबंधात तो विधान तपासण्यासाठी येतो, म्हणून त्याला वाट दिसावी लागते.

समारोप

सीमाभागातील उर्दू-मराठी विद्यार्थ्याकडे इतरांना न मिळणारी साधने आहेत. गावान आणि केसोबास, फरिश्ता आणि म्हाइंभट एकाच टेबलावर ठेवून वाचण्याची त्याची पात्रता आहे. परंतु या प्रदेशाचा इतिहास लिहिणारे हातही थोडेच आहेत. त्यांनी एक न तपासलेले विधान लिहिले तर ते पुढच्या निबंधात, तेथून प्रबंधात व तेथून पाठ्यपुस्तकात जाते आणि चाळीस-पन्नास वर्षे कोणी त्याला हात लावत नाही. यास्तव आपल्या महाविद्यालयांनी निबंधाबरोबर त्याचा आराखडाही मागावा आणि त्याला स्वतंत्र गुण द्यावेत, अशी सूचना करून हा लेख संपवतो. एक पानभर आराखडा तपासायला अध्यापकाला दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांत ‘कशावरून?’ असे एकदा विचारले गेले, तरी पुष्कळ चुका जन्मण्यापूर्वीच थांबतील. प्रस्तुत लेखकाला त्याच्या विद्यार्थिदशेत हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपल्या विद्यार्थ्यांना तो आपण विचारावा.